कान भरण्याआधीचं वाक्य

सदाशिव पेठेतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये एक हौशी गट शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ बसवत होता. व्हेनिसच्या नोकरीतला काळा, परका सेनापती ऑथेल्लो हाताखालच्या इयागोचं ऐकून बायकोवर, डेस्डिमोनावर, संशय घेतो आणि तिचा जीव घेतो, ती गोष्ट. अख्खं नाटक नव्हे. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मध्यभागी, आधी सेनेटमधलं भाषण, नंतर चौथ्या अंकातली झीट आणि शेवटचा मृत्यू, असा सव्वा तासाचा प्रयोग. भाषांतर नवं, गद्यात. पाच-पन्नास पाहुणे बोलावून तालीम झाली आणि त्यानंतरच्या चहाला एकच तक्रार तीन-चार तोंडांतून आली: ‘हा एवढा मोठा सेनापती इतक्या पटकन फसलाच कसा?’ कुणीतरी निकालही देऊन टाकला, ‘हलक्या कानाचा आहे हो!’

शोकांतिकेचा नायक हलक्या कानाचा ठरला की शोकांतिका संपली. उरतो तो फक्त एक फसवला गेलेला नवरा. त्याची कीव येते, भीती वाटत नाही.

भर म्हणून एका ठिकाणी, नको तिथे, हशा आला. त्याकडे पुढे येऊ.

चूक कुठे होती

पहिला संशय नटावर गेला. ऑथेल्लो करणारा नट प्रवेशाच्या सुरुवातीलाच कपाळाला आठ्या घालून येत होता. आदल्या रात्री बडतर्फ झालेला लेफ्टनंट कॅसिओ, ज्याच्यावरून पुढे संशय येतो तो, डेस्डिमोनाजवळून निघून जाताना इयागो ‘हं, हे काही बरं नाही’ असं पुटपुटतो, तिथेच याचा जबडा आवळला जाई. पण आठ्या हे लक्षण होतं. रोग संहितेच्या वाचनात होता. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ही मत्सराची गोष्ट आहे, इयागो मत्सर पेरतो आणि तो उगवतो. कॉलेजच्या उत्तरपत्रिकेत तेच लिहितात: नायकाचा दोष – मत्सर. पाच गुण.

दिग्दर्शिकेनं मग इंग्रजी प्रत समोर ठेवून ओळी मोजायला लावल्या. आवृत्तीगणिक चार-पाच ओळी इकडेतिकडे होतात, पण प्रवेश साधारण ४८० ओळींचा आहे. डेस्डिमोना कॅसिओची रदबदली करून आत जाते ती ९०व्या ओळीच्या आसपास. तिथपर्यंत नवराबायको मजेत आहेत. इयागो कॅसिओचं ‘मत’, ‘प्रामाणिकपणा’ असे शब्द घोळवतो, प्रश्नाला प्रश्नच परत करतो, तो शंभरीनंतर. मत्सराच्या हिरव्या डोळ्यांच्या राक्षसाचा इशारा १६५च्या सुमारास. आणि रुमाल, ऑथेल्लोनं बायकोला दिलेला आणि इयागोनं कॅसिओकडे पोचवलेला? ऑथेल्लोपुढे पुरावा म्हणून रुमालाचं नाव पहिल्यांदा निघतं ते ४३०व्या ओळीनंतर. त्याच्या दोन-तीन ओळी आधीच ऑथेल्लो म्हणून चुकलेला असतो, ‘तिचे तुकडे तुकडे करीन.’

म्हणजे शिक्षा आधी, पुरावा मागून. हे एकदा वहीत मांडल्यावर ‘रुमालामुळे घात झाला’ हे वाक्य कुणी पुन्हा उच्चारलं नाही.

यातली खरी गोम अशी की ऑथेल्लोनं याच प्रवेशात, १९०च्या आसपास, स्वतःची कार्यपद्धती सांगितलेली आहे. मी आधी पाहीन, मग शंका घेईन. शंका आली तर पुरावा मागेन. पुरावा मिळाला की एक घाव दोन तुकडे, प्रेम तरी जाईल नाहीतर मत्सर तरी. लष्करी माणसाचा क्रम आहे हा. पाहणं, शंका, पुरावा, निर्णय. पुढच्या अडीचशे ओळींत हाच क्रम उलटा होतो: आधी शंका, मग निर्णय, मग पुरावा. पाहणं शेवटपर्यंत होतच नाही. ‘डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे’ म्हणून तो इयागोचा गळा धरतो खरा, पण इयागो त्याला कॅसिओच्या झोपेतल्या बडबडीची ऐकीव गोष्ट देतो आणि ती त्याला पुरते.

तो शब्द कुणाचा?

मग क्रम उलटतो कुठे? इथे तालमीचे दोन दिवस गेले आणि ते सत्कारणी लागले.

सेनेटसमोर ब्रबँशिओ, डेस्डिमोनाचा बाप, म्हणालेला असतो की माझी मुलगी अशा माणसावर भाळणं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. जाताजाता शापासारखं वाक्य टाकतो: हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवील. ऑथेल्लो तेव्हा हसून उत्तर देतो, तिच्या निष्ठेवर माझा जीव गहाण. इयागो तिथे उभा आहे. त्यानं ते ऐकून ठेवलं.

तिसऱ्या प्रवेशात इयागो त्यातलं अर्धंच वापरतो: ‘तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलंच ना?’ ऑथेल्लो ‘हो, खरं’ म्हणतो. थोडं पुढे गेल्यावर, २३०व्या ओळीच्या आसपास, तो आधी म्हणतो की डेस्डिमोना प्रामाणिकच आहे असं मी मानतो. इयागो लगेच, ‘ती तशीच राहो, आणि तुम्हीही तसंच मानत राहा.’ आणि मग ऑथेल्लो, कुणी विचारलेलं नसताना: ‘आणि तरीही, निसर्ग स्वतःपासूनच ढळला तर...’

वाक्य अर्धवट आहे. इयागो ते पुरंही होऊ देत नाही. ‘हां, हाच तर मुद्दा आहे.’

निसर्ग हा शब्द इयागोनं आणला नाही. तो बापाचा होता, आणि आता नवऱ्याच्या तोंडून आला आहे. आपण हिला योगायोगानं मिळालेले, आपल्यासारख्यावर कुणी भाळणं हीच मुळात चूक असणार, ही शंका ऑथेल्लोच्या आत आधीपासून होती. इयागोनं फक्त ती बाहेर यायला जागा करून दिली. मराठीत ‘कान भरणं’ म्हणतात. पण इथे कान भरण्याआधी एक वाक्य आतून आलं आहे, आणि इयागोचं कौशल्य ते वाक्य ओळखण्यात आहे. तो पेरत नाही. उगवलेलं दिसलं की पाणी घालतो.

गटाच्या पहिल्या भाषांतरात ही ओळ वगळलेली होती! ‘जड वाटते, तात्त्विक आहे’ म्हणून. संपादनात अशाच ओळी आधी जातात. ती परत आली, आणि इयागोच्या त्या ‘हाच तर मुद्दा’च्या आधी नटानं पूर्ण दोन श्वास घ्यायचे ठरलं. इयागोनं घाई केली तर प्रेक्षकाला वाटतं शब्द त्याचाच. थांबला तर कळतं की तो आज सकाळपासून याच वाक्याची वाट बघत होता.

यानंतर ऑथेल्लो एकटा उरतो आणि आपले उणे मोजतो. तीन. मी काळा आहे. शहरी, रंगेल माणसांकडे असतं ते गोड बोलणं माझ्याकडे नाही. आणि माझं वय उतरणीला लागलं आहे – ‘पण तेवढं काही नाही.’ हे शेवटचं जोडलेलं वाक्य सोन्याचं आहे. वयाचं तेवढं खटकत नाही असं जो स्वतःला बजावतो त्याला तेच खटकत असतं. त्याहून आधी, आत्मविश्वासाच्या भरातसुद्धा तो ‘माझ्या तोकड्या गुणांमुळे मी तिच्यावर शंका घेणार नाही, तिला डोळे होते आणि तिनं मला निवडलं’ असं बोलून गेला आहे. ‘तोकडे गुण’ हे शब्द आधी, ‘निवडलं’ नंतर. नटानं पहिल्या अर्ध्यावर किंचित अडखळायचं. जोर द्यायचा नाही, फक्त अडखळायचं.

पुण्यातली अडचण

‘ऑथेल्लो’ मराठीला नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७चं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०मध्ये ‘झुंजारराव’ लिहिलं आणि गणपतराव जोशांनी ती भूमिका गाजवली. नायकाचं नाव झुंजारराव झालं, की मग एक प्रश्न उभा राहतो: त्याचं परकेपण कशानं दाखवायचं? तोंडाला काळं फासणं या गटानं पहिल्याच दिवशी बाद केलं, आणि ते योग्यच होतं. मग उरले दोन उणे: बोलणं आणि वय.

पुण्यात बोलणं पुरेसं आहे. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय या गावाला आहे, हे कुणी पुणेकर मनातल्या मनात तरी नाकारणार नाही. गटानं ठरवलं की ऑथेल्लो काळजीपूर्वक, थोडं जास्तच नीट प्रमाण मराठी बोलेल. सेनेटपुढच्या भाषणात तो स्वतःच म्हणतो की माझं बोलणं ओबडधोबड आहे, आणि मग अख्ख्या सभेला भारून टाकतो. शिकून घेतलेली भाषा आहे ही. कॅसिओ मात्र सहज बोलतो, जन्मानंच आल्यासारखा.

आणि मग ठरलं की तिसऱ्या प्रवेशात ताण वाढला की ऑथेल्लोच्या तोंडून घरची बोली निसटेल. ‘नाही’चं ‘न्हाई’, ‘हो’चं ‘व्हय’. कागदावर कल्पना उत्तम.

पाहुण्यांच्या तालमीतला तो हशा नेमका इथे आला. ‘माझा विश्वास बसत न्हाई!’ असं नट ओरडला आणि मागच्या दोन रांगा खुदकन हसल्या. दोष प्रेक्षकांना द्यायचं कारण नाही. शहरी रंगमंचावर बोली बहुतेक वेळा विनोदी पात्राच्या वाट्याला आली आहे. कान तसाच तयार झाला आहे. शिवाय नट ती बोली ओरडून, म्हणजे ‘दाखवून’ बोलत होता. लपवताना सुटली तर गंभीर वाटते. दाखवली की नक्कल.

उपाय असा केला: इयागोसमोर एकही बोलीतला शब्द नाही. त्याच्यासमोर उलट भाषा आणखी नीट, आणखी हळू, शब्द शोधत. बोली एकदाच, आणि ती बायकोसमोर. डेस्डिमोना जेवायला बोलवायला येते, त्याचा आवाज बसलेला ऐकून विचारते, बरं नाही का? तो म्हणतो, ‘इथं... कपाळात दुखतंय. बरं न्हाई.’ खाली बघत, जवळजवळ ऐकू न येईल असं. ती हसत नाही. तिला ही भाषा माहीत आहे. याच्या लढायांच्या आणि हालअपेष्टांच्या गोष्टी तिनं याच आवाजात ऐकल्या असतील. दुसऱ्या पाहुण्यांसमोर या ठिकाणी कुणी हललं नाही.

रुमाल

मूळ इंग्रजीत कपाळाचं दुखणं हे बायकोनं फसवलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर उगवणाऱ्या शिंगांकडे बोट दाखवतं. मराठीत हा संकेत नाही, आणि टीप देऊन आणण्यात अर्थ नाही. डोकेदुखी डोकेदुखीच राहू द्यावी.

ती रुमाल काढून कपाळाला बांधू बघते. तो म्हणतो, रुमाल लहान आहे. पुढे मूळ वाक्याचा अर्थ ‘ते सोड’ असा आहे. ‘ते’ म्हणजे रुमाल की दुखणं, हे इंग्रजीत मुद्दाम संदिग्ध आहे. यावर मराठीत दोन शब्दांचं उत्तर तयारच होतं: ‘राहू दे.’ कपाळ राहू दे, रुमाल राहू दे, सगळंच राहू दे. ‘राहू दे. चल, आत जाऊ.’ यापेक्षा चांगलं भाषांतर बहुधा होणार नाही.

वस्तूबद्दल थोडं, कारण इथे प्रयोग पडतात. पहिला रुमाल खिशातला होता, बाराव्या रांगेतून दिसत नव्हता. दुसरा इतका मोठा की टॉवेल वाटला, आणि ‘लहान आहे’ या वाक्याला तो खोटं पाडत होता. शेवटी दीड फुटी चौरस, मलमलीचा, चार कोपऱ्यांवर ठसठशीत लाल स्ट्रॉबेऱ्या भरलेला (महाबळेश्वर दूर नाही, कुणाला समजावावं लागलं नाही). कांजी केलेला रुमाल पुठ्ठ्यासारखा पडतो आणि आवाज होतो. बिनकांजीचा हवेत तरंगून भलतीकडेच जातो. हलकी कांजी, आणि तो पडायची जागा ठरलेली: मंचाच्या मध्यापासून प्रेक्षकांच्या बाजूला दोन पावलं. इयागोच्या बायकोला, एमिलियाला, तो उचलताना प्रेक्षकांकडे पाठ करावी लागू नये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रुमाल पडताना नटाची नजर खाली जाणं. एक क्षण जरी गेली तरी पुढची तीन पानं खोटी ठरतात, कारण तो रुमाल स्वतःच्या हातानं ढकलला गेला हे ऑथेल्लोला नंतर कधीच आठवत नाही. ज्या रुमालावरून तो बायकोचा जीव घेतो, तो पाडण्यात त्याचाच हात होता. डेस्डिमोनाचीही नजर त्याच्या तोंडावर हवी, कारण तिला रुमालाची नाही, नवऱ्याची काळजी आहे.

देवलांनीच पुढे वस्तूवरून उठलेल्या संशयाची दुसरी बाजूही लिहिली. ‘फाल्गुनराव अर्थात तसबिरीचा घोटाळा’, ज्याचं संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीनं १९१६मध्ये आणलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर आहे, फाल्गुनराव आणि त्यांची बायको कृत्तिका दोघंही एकमेकांवर संशय घेतात, आणि प्रेक्षक हसतो. का हसतो? फाल्गुनरावांना स्वतःबद्दल शंका नाही. त्यांचा संशय पूर्ण बायकोवर खर्च होतो. शिवाय ते ओरडून बोलतात, दोघंही बोलतात, म्हणून गाठ सुटते. ऑथेल्लो या प्रवेशात बायकोला थेट विचारत नाही. कारण विचारायचं म्हणजे आपल्या तीन उण्यांबद्दल बोलावं लागेल.

चार्ज देण्याचं भाषण

पुढे ऑथेल्लो परत येतो आणि एक चमत्कारिक भाषण करतो. बायकोवर संशय आला म्हणून तो सैन्याचा निरोप घेतो: शांत मना, निरोप; पिसारे लावलेल्या पलटणींनो, खिंकाळणाऱ्या घोड्यांनो, नगारे, ध्वज, तोफांनो, निरोप; ऑथेल्लोचं काम संपलं. नटानं साधा प्रश्न विचारला, ‘बायकोचा आणि नोकरीचा संबंध काय?’

संबंध पहिल्या अंकात आहे. मी सोसलेल्या संकटांमुळे तिनं माझ्यावर प्रेम केलं, आणि तिनं त्यांची कणव केली म्हणून मी तिच्यावर. त्याचं शौर्य तिच्या कानांनी मोठं केलं आहे. ती ऐकणारी खोटी ठरली तर गोष्टही खोटी, आणि गोष्टीतला माणूसही. मत्सर एवढं करत नाही. मत्सरी माणूस प्रतिस्पर्ध्याला मारायला निघतो. हा आधी स्वतःचा हुद्दा सोडतो.

भाषण गर्जून म्हटलं की नुसती कविता होते. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या या गावात दुसरा मार्ग जवळचा होता: शेवटच्या दिवशी यादी वाचून चार्ज देतात तसं. एकेक वस्तू, सपाट आवाजात, बरोबर खूण करत. ‘ऑथेल्लोचं काम संपलं’ हीसुद्धा यादीतली शेवटची नोंद. लगेच पुढच्या वाक्याला तो इयागोचा गळा धरतो, आणि हा स्फोट मग खरा वाटतो.

प्रवेशाचा शेवट गुडघे टेकून शपथ घेण्यात होतो. इयागोही शेजारी टेकतो. ‘आता तू माझा लेफ्टनंट.’ ‘मी कायमचा तुमचा.’ याला लग्नाचा वास आहे हे कुणाच्या नजरेतून सुटत नाही, पण नटांनी ते खेळायला जाऊ नये. आदल्याच रात्री कॅसिओला एका साक्षीवर, तीही इयागोचीच, बडतर्फ करणारा हाच न्यायाधीश आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

संबोधनांचा निर्णय उशिरा झाला. डेस्डिमोना ‘तुम्ही’ म्हणते, ऑथेल्लो ‘तू’. चौथ्या अंकापासून ऑथेल्लो तिला ‘आपण’ म्हणू लागतो. शिवी देण्यापेक्षा ते जास्त लागतं.

काय राहिलं

काळाचा घोळ तसाच ठेवला. नाटक व्हेनिसहून सायप्रसला पोचल्यावर सगळं दोन दिवसांत उरकतं, पण कॅसिओची प्रेयसी बियांका त्याला ‘आठवडाभर आला नाहीस, सात दिवस, सात रात्री’ असं ऐकवते. व्यभिचाराला वेळच नव्हता, हे हिशेबानं सिद्ध होतं. बियांका या प्रयोगात नसल्यानं प्रश्न आपोआप गेला. जिथे आहे तिथे एकच इलाज, वेग. थांबून विचार करायला जागा मिळाली तर प्रेक्षक गणित मांडतो.

शेवटच्या भाषणात ऑथेल्लो स्वतःबद्दल सांगतो: सहज मत्सरी न होणारा, पण एकदा घेरला गेल्यावर टोकाचा गोंधळलेला. पुष्कळ वाचकांना हे स्वतःला सोडवणं वाटतं. २३०व्या ओळीनंतर ते खरंही वाटतं. भाषा इथे परत पूर्ण प्रमाण, स्वच्छ, सेनेटपुढच्यासारखी. तो पुन्हा एक गोष्ट सांगतो: अलेप्पोत एका तुर्कानं व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, राज्याची निंदा केली, तेव्हा मी त्याचा गळा धरला. परका तोच, परक्याला मारणारा सेनापतीही तोच.

तांत्रिक अडचण क्रियापदाची होती. इंग्रजीत ‘भोसकलं’ आधी येतं आणि ‘असं’ शेवटी, सुरी त्या शेवटच्या शब्दावर. मराठीत नेहमीच्या क्रमानं ‘असं भोसकलं’ होतं आणि नटाला एक शब्द जास्त जिवंत राहावं लागतं. तीन मसुदे बाद झाले. ठरलेलं वाक्य: ‘त्या कुत्र्याचा गळा धरला आणि त्याला भोसकलं, ते – असं.’ ‘ते’नंतर सुरी बाहेर, ‘असं’वर आत.